सामासिक शब्दाचा सांधा

संविधानाच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन चालू असताना नवा विद्यार्थी 'धर्मनि' येथे थांबतो, श्वास घेतो आणि मग 'रपेक्ष' म्हणतो. भोवतालची मुले हसतात. अशा हशापायी कित्येक मुले मोठ्याने वाचणेच सोडून देतात. दोष मुलाचा नसतो; शब्द कोठे जोडला आहे, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. म्हणून हा छोटासा पाठ आम्ही पालक व माजी विद्यार्थी यांच्या हाती देत आहोत.

इंग्रजीत सामासिक शब्द बहुधा आघातावरून ओळखू येतो. 'ब्लॅकबोर्ड' म्हणताना मुख्य जोर 'ब्लॅक'वर पडला तर तो वर्गातील फळा; 'बोर्ड'वरही तसाच जोर दिला तर काळ्या रंगाची कोणतीही फळी. मराठीत आघाताने असा अर्थ बदलत नाही. आपल्याकडे सांधा कळतो तो 'अ'च्या उच्चारावरून.

मराठी शब्दाच्या अंती येणारा 'अ' बहुधा उच्चारला जात नाही. 'गण' हा शब्द 'गण्' असा ऐकू येतो. समासातही तो तसाच राहतो, म्हणून गण्‌-राज्य. शब्दाच्या अंती जोडाक्षर असेल, तर मात्र 'अ' स्पष्ट उमटतो: धम्म-चक्र, बुद्ध-वंदना, धर्म-निरपेक्ष.

शब्दाच्या मधला 'अ'देखील पुष्कळदा गळतो. 'करवत' आपण 'कर्‌-वत्' असे म्हणतो. त्याच चालीवर 'त्रिशरण' हे 'त्रिश्‌-रण' होईल काय? नाही. येथे 'त्रि' आणि 'शरण' ही दोन पदे आहेत आणि पदाच्या पहिल्या अक्षरातील 'अ' गळत नाही. म्हणून त्रि-शरण, तसेच उप-करण.

सांध्याची खूण लेखनातही दिसते. 'वसती', 'बुद्धी', 'कवी' हे तत्सम शब्द सुटे असताना दीर्घान्त लिहितात. समासात पूर्वपद झाले की ते ऱ्हस्व होतात: वसतिगृह, बुद्धिवाद, कविसंमेलन. घरच्या पत्रावर आपण ज्याची वाट पाहत असू, त्या पत्त्यातील 'वसतिगृह' हा शब्द आजही अनेक ठिकाणी 'वसतीगृह' असा लिहिलेला आढळतो.

घरी मूल लांब शब्दाशी अडखळले, तर त्या शब्दाचे उत्तरपद बोटाने झाकावे. आधी पूर्वपद वाचू द्यावे, मग बोट काढून उत्तरपद, आणि शेवटी सबंध शब्द एका श्वासात. वालूरच्या बारवेत उतरताना आपण पायरी पाहूनच पाऊल ठेवतो. वाचनातही तेच करावे. पायरी दिसली की मूल अडखळत नाही, आणि त्याला हसण्याचे कारणही उरत नाही.