यंत्रमानवाची शिदोरी

यंत्रमानवाला कॅमेऱ्यातून टेबल दिसते. दूध कोठे शोधावे, हे दिसत नाही. त्यासाठी वस्तूंचे अर्थ परस्परांशी जोडणारा ज्ञानसंग्रह लागतो. म्यूनिकच्या तंत्र विद्यापीठात मोरित्झ टेनॉर्थ व मिखाएल बेट्झ यांनी २००९ मध्ये मांडलेली ‘नोरॉब’ प्रणाली या जातीची आहे. आम्ही एकच उदाहरण घेतो. ‘दूध नाशवंत आहे’ आणि ‘नाशवंत पदार्थ फ्रिजमध्ये असतात’ ही दोन विधाने दिली, की ‘दूध फ्रिजमध्ये असेल’ हे तिसरे साठवावे लागत नाही. ते अनुमानाने निघते. दही, लोणी यांनाही तोच नियम पुरतो. संग्रह हलका राहतो, तो यामुळेच. कस लागतो तो मात्र वर्गवारीत, असे आम्हांस वाटते. दुधाची भुकटी चुकून ‘दूध’ या वर्गात घातली, तर यंत्रमानव तीही फ्रिजमध्येच शोधत राहील.