दारावरील वचन

वाचावयाचा भाग : अनुवाद ६:४–९ व ११:१३–२१.

वढू बुद्रुकसारख्या गावी नव्या घराची चौकट उभी राहिली म्हणजे तीवर कोणी आंब्याचे तोरण बांधतो, कोणी घोड्याची नाल ठोकतो, कोणी लिंबू-मिरची टांगतो. बाहेरचे भय आत येऊ नये असे सर्वांसच वाटते. आमच्या मंडळ्यांतील बंधूही दारावर वचनाची पाटी लावतात आणि उपदेशकास विचारतात, ‘आता घरास बाधा होणार नाही ना?’ ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर यहूदी घराचे दार पाहिले पाहिजे.

१. मेझुझा म्हणजे काय? ह्या इब्री शब्दाचा मूळ अर्थ दाराची बाही. यहूदी घरात शिरताना उजव्या हातच्या बाहीवर, साधारण खांद्याच्या उंचीस, एक लहान नळी बसविलेली असते. नळी लाकडाची असो की चांदीची, तिला महत्त्व नाही. महत्त्व आतील चर्मपत्राच्या गुंडाळीस आहे. तीवर वर सांगितलेले दोन्ही भाग इब्री भाषेत २२ ओळींत हाताने लिहितात. लिहिणारा शास्त्री ह्या कामी शिकून तयार झालेला असतो. एक अक्षर गळाले तरी ते पत्र चालत नाही. घरच्या मेझुझा सात वर्षांतून दोनदा उघडून अक्षरे तपासावीत असा नियम आहे. जातायेता पुष्कळ लोक तिला बोटे लावून ती ओठांस लावतात.

२. हा ताईत आहे काय? असे मानणारे यहूद्यांतही होते. काही लोक आत देवदूतांची नावे लिहीत. त्यांचा थोर पंडित मोशे बेन मैमोन (११३८–१२०४) ह्याने त्यांस कडक शब्दांत दोष दिला : देवाचे एकत्व व त्याची प्रीती ह्यांची आठवण देणारी आज्ञा ह्यांनी स्वतःच्या लाभाचा गंडा करून टाकली.

शास्त्रातील क्रम पाहा. सहाव्या अध्यायात वचन प्रथम अंतःकरणात ठेवावयाचे. मग घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांस शिकवावयाचे. मग हातावर व कपाळावर. आणि दार सर्वांच्या शेवटी. अकराव्या अध्यायात दीर्घायुष्याचे अभिवचन आहे खरे, परंतु ते आज्ञा पाळण्याशी जोडलेले आहे, लाकडाशी नव्हे.

३. आमच्याच मुलखातील उदाहरण. कोकणातील बेने इस्राएल लोकांची मातृभाषा मराठी. त्यांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले व त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. ते तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. ग्रंथ गेले तरी ‘शेमा’ त्यांच्या मुखी राहिला. आणि मेझुझेच्या आरंभी असते ते हेच वचन. सन १७९६ मध्ये त्यांनी मुंबईस आपले पहिले सभास्थान बांधले. पुण्यात रास्ता पेठेतील त्यांचे सभास्थान १९२१ चे आहे. सन १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशी गेली. ज्यांस वाचता येत नाही अशा आमच्या बंधुभगिनींनी हे ध्यानी धरावे : पुस्तक हाती नसतानाही आईबापांच्या तोंडून वचन मुलांपर्यंत पोहोचते.

४. बोध. दारावर पाटी लावण्यास आमची हरकत नाही. परंतु बाहेर पाटी असून आत शिवीगाळ चालत असेल, शेजाऱ्याच्या बांधावर डोळा असेल, तर ती पाटी आपल्याविरुद्ध साक्ष देईल. बाहेर जाताना ती पाहून मनुष्याने म्हणावे, आज बाजारात माझे माप खरे असो. परत येताना म्हणावे, घरात माझी वाणी गोड असो. उपदेशकांनी ‘बाधा होईल काय?’ ह्या प्रश्नास हसू नये. भय खरे असते. त्या घरी संध्याकाळी जावे, दिव्यापाशी सर्वांस बसवावे, आणि पाटीवरील वचन लेकरांकडून पाठ करून घ्यावे.

विचारावयाचे प्रश्न :
(१) दोन्ही भागांत मुलांविषयी काय सांगितले आहे?
(२) खूण आणि ताईत ह्यांत भेद कोणता?
(३) आपल्या घरातील कोणते वचन मुलांस तोंडपाठ आहे?