बिट्टी, अर्जुनसाल आणि हृदयाचा ठोका

प्रश्न : आमच्या अंगणात बिट्टीचं झाड आहे. पिवळी फुलं रोज देवाला वाहतो, पण फळ तोंडात घालायचं नाही, हे आजीने लहानपणीच बजावलं होतं. परवा शेजारचे निवृत्त कंपाउंडर म्हणाले, की याच बियांत हृदयाचं औषध असतं. माझ्या सासऱ्यांचं हृदय अशक्त आहे आणि ते अर्जुनसालीचा काढा घेतात. मग बिट्टी विष की औषध? आणि अर्जुनसाल तशीच काम करते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी आजीचं ऐका. पण कंपाउंडरकाकाही खोटं बोलत नाहीत. बिट्टीतल्या पेरुव्होसाइड या घटकाच्या आपल्या देशात हृदयरोग्यांवर चाचण्याही झाल्या होत्या. हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, त्यामुळे आपल्या जुन्या ग्रंथांत ते सापडणार नाही. तिथे आहे तो करवीर, म्हणजे लाल-पांढरी कण्हेर. तिची गणना आयुर्वेदाने उपविषांत केली आहे.

बिट्टी-कण्हेरीतली द्रव्यं करतात काय, ते समजायला बेडकाच्या हृदयापाशी जावं लागेल. १८८०च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर हा डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत असे. द्रावण नळाच्या पाण्यात केलं तर ठोके नीट पडत, ऊर्ध्वपातित पाण्यात केलं की लवकरच मंदावून थांबत. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढलं की आकुंचन होतं, उतरलं की पेशी सैलावते.

पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. बिट्टी, कण्हेर आणि युरोपातली डिजिटॅलिस ही वनस्पती, या तिघांतली द्रव्यं नेमका हाच पंप अडवतात. मग आत सोडियम साचतं. कॅल्शियम बाहेर टाकणारी वाट सोडियमच्या उतारावर चालते, तीही मंदावते. आत राहिलेलं कॅल्शियम पेशी साठवते आणि पुढच्या ठोक्याला जास्त सोडते. ठोका जोरकस पडतो. म्हणजे हृदयाला बळ मिळतं ते एका अत्यावश्यक यंत्रणेत थोडा बिघाड करून. बिघाड जरा वाढला, की कॅल्शियम अनावर होतं, भलत्या वेळी ठोके पडतात, नाडी अतिमंद होते, माणूस दगावतो.

ही रेघ किती बारीक, हे बर्मिंगहॅमच्या डॉक्टर विल्यम विदरिंगला पुरतं कळलं होतं. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या, वीसेक वनस्पतींच्या, सूज उतरवणाऱ्या औषधातून त्याने डिजिटॅलिस हेरलं आणि १७८५ साली आपल्या रुग्णांची हकिकत छापली, फसलेल्या उपचारांसकट. मळमळ सुरू झाली की औषध थांबवा, असं तो सांगत असे. पानापानातला जोर वेगळा, ही त्याचीही अडचण होती. १९३०मध्ये डिजिटॅलिसमधून शुद्ध डिगॉक्सिन हाती आलं आणि मात्रा मोजता येऊ लागली. आज त्याची नेहमीची गोळी पाव मिलिग्रॅमची असते. तरीही १९९७ साली सुमारे ६,८०० रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा दिसलं की इस्पितळाच्या फेऱ्या कमी झाल्या, मृत्यू मात्र घटले नाहीत. ठोका जोरात पाडणं म्हणजे आयुष्य वाढवणं नव्हे. शुद्ध औषधाची ही कथा, तर अंगणातल्या बीची काय असेल!

बिट्टी आणि डिगॉक्सिन यांच्या नात्याचा पुरावा श्रीलंकेत मिळाला. तिथे बिट्टीच्या विषबाधा फार. मेंढ्यांच्या शरीरात डिगॉक्सिनविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं या रुग्णांना दिली, तर तीही लागू पडली. २०००मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आता अर्जुनसाल. तिच्यात टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, अर्जुनोलिक आम्ल वगैरे असतं. ‘अर्जुन म्हणजे देशी डिजिटॅलिस’ हे समीकरण मला पटत नाही. सुट्या हृदयावर अर्क टाकून केलेल्या प्रयोगांचे निकाल अर्कागणिक बदलतात. त्यात या सालीत कॅल्शियम भरपूर असतं. अर्क ओतला आणि बेडकाचा ठोका वाढला, तर श्रेय औषधी घटकाला द्यायचं की रिंगरच्या नळाच्या पाण्याला? १९९५मध्ये अवघ्या बारा रुग्णांवरच्या अभ्यासात फायदा दिसला होता. त्यावरून सालीच्या क्षीरपाकाला, म्हणजे दुधातल्या काढ्याला, हृदयाचं टॉनिक म्हणून मिरवणं घाईचं आहे.

सासऱ्यांना डिगॉक्सिन, रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर काढ्याची गोष्ट त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि गोळी बंद करून काढ्यावर विसंबू देऊ नका. बिट्टीची फुलं खुशाल वाहा, हात धुवा. बी कोणाच्या पोटात गेली तर उलटीची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा. उकळून किंवा वाळवून हे विष जात नाही.