लांबलेली आशा आणि जीवनाचं झाड

आजचं वाचन: नीतिसूत्रे 13:12, याकोब 5:7-8



आशा लांबली की मन आजारी पडतं, असं नीतिसूत्रांत सांगितलं आहे. मला हे वचन आवडतं, कारण ते खरं बोलतं. वाट पाहताना दुखतं, हे पवित्र शास्त्र लपवत नाही. तुमच्यापैकी कुणी निकालाची वाट बघतंय, कुणी नोकरीची, कुणी लग्नाची. माझ्या घरातही एक प्रार्थना तीन वर्षं तशीच आहे. माझा मोठा भाऊ आमच्याशी बोलत नाही.

मग धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं? याकोब शेतकऱ्याकडे बघायला सांगतो. माझं गाव आंबेगाव तालुक्यातलं कळंब. आमच्याकडे उन्हाळी कांदा काढला की बराखीत भरतात आणि भावाची वाट बघतात. पण कांदा भरून कुणी झोपत नाही. हवा खेळती ठेवावी लागते, पावसापासून जपावं लागतं, सडलेला कांदा वेळीच निवडून टाकावा लागतो. नाहीतर एकामुळे शेजारचे दहा जातात. मनाचंही तसंच आहे. वाट पाहताना कडवटपणा रोज निवडून बाहेर काढावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट बघा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी कवी ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत, तरी संसार तुटलेला. ते दुःख त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणाने लिहिलं आहे. काही वर्षांनी त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या, तरी सोवळंओवळं सुटलं नव्हतं. ते हळूहळू गळत गेलं. 1900 साली त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाच वर्षं! आणि ही वाट एकट्या टिळकांची नव्हती, ती दोघांनीही सोसली.

पण गोष्ट इथे संपत नाही. वचनाचा दुसरा भाग सांगतो की पूर्ण झालेली इच्छा जीवनाच्या झाडासारखी असते. झाड एकट्यासाठी नसतं. त्याची सावली आणि फळं इतरांनाही मिळतात. 1919 मध्ये टिळक प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरंच होतं. ते पुढे कुणी नेलं? लक्ष्मीबाईंनी! ज्यांना लग्नाआधी शाळा ठाऊक नव्हती, त्यांनीच पतीचं अर्धवट महाकाव्य पुढे लिहिलं. 1895 मध्ये हे फळ कुणाला दिसलं असतं?

मित्रांनो, उत्तर कधी आणि कोणत्या रूपात येईल, हे आपल्या हातात नाही. भावाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण प्रभूने मला सोडलेलं नाही, आणि मी माझं दार बंद करणार नाही. आज त्याला एक साधा मेसेज करणार आहे, कसलाही हिशोब न मागता.

आज मनन करा: वाट पाहताना माझ्या मनात काय सडतंय? ते आज बाहेर काढता येईल का?

प्रार्थना: हे प्रभू, लांबलेल्या आशेने थकलेलं माझं मन तुला माहीत आहे. ते कडू होऊ देऊ नकोस. तुझ्या वेळेवर भरवसा ठेवायला शिकव, आणि आनंद मिळेल तेव्हा तो वाटायलाही शिकव. येशूच्या नावात मागतो, आमेन.