सुटून आलेल्यांना मोबाइल शिकवायचा, तो कसा?

प्रश्न : आम्ही जेलरोड परिसरातले काही निवृत्त लोक. तुरुंगातून सुटून आलेल्यांना मोबाइल आणि संगणक शिकवावा असं मनात आहे. पण हल्ली शाळकरी पोरालाही मोबाइल येतो, तिथे मोठ्या माणसाला वेगळं काय शिकवायचं? आणि शिकवलेल्याचा गैरवापर झाला तर?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : शाळकरी पोराला मोबाइल कुणी शिकवलेला नसतो. तो रोज घरात बघत आला, म्हणून त्याला येतो. नेमकं हे बघणंच तुमच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेलं नाही. समजा, तो 2010च्या सुरुवातीला आत गेला. आपल्याच नाशिक विभागातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते त्यानंतर, 29 सप्टेंबर 2010ला. यूपीआय आलं 2016 साली, आणि त्याच वर्षी त्याच्या ओळखीच्या पाचशे-हजारच्या नोटाही गेल्या. सुटल्यावर भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड लटकलेला दिसला, तर तो कशासाठी आहे हेच त्याला उमगत नाही. यात बुद्धीचा काही संबंध नाही.

म्हणून संगणक तूर्त बाजूला ठेवा. पहिला धडा मोबाइल क्रमांकाचा. तीन महिने न वापरलेलं सिम बंद होतं आणि तो क्रमांक पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. आता बँकेत, आधारला जुनाच क्रमांक नोंदलेला असेल, तर ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाणार. ओटीपी नाही म्हणून आधारचं काम अडतं, आधार अडलं म्हणून बँकेचं, आणि बँक अडली की मजुरी खात्यात येत नाही. तेव्हा आधी नवं सिम त्याच्याच नावावर घ्या, मग आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन तो क्रमांक जोडा, आणि त्यानंतर बँकेत जा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. केवायसी केली की ते पुन्हा सुरू होतं. दहा वर्षं हात न लागलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण ती बुडत नाही, आपल्या बँकेकडे अर्ज करून परत मिळते. ‘आपले पैसे गेले’ असं समजून गप्प बसलेल्या माणसाला एवढं सांगितलंत तरी मोठं काम झालं.

शिकवताना एक गोष्ट जाणवेल. प्रत्येक बटणाआधी तो विचारेल, ‘दाबू का?’ तुरुंगात मोबाइल बाळगणं हा गुन्हा, आणि तिथली प्रत्येक हालचाल परवानगीने. ती सवय गेटबाहेर पडल्याबरोबर सुटत नाही. अशा वेळी फोन त्याच्या हातातून घेऊन ‘मीच करून देतो’ म्हणू नका. चुकू द्या, वेळ लागू द्या.

तो अडाणी असेल असंही धरून चालू नका. नाशिकरोड कारागृहात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. तिथले बंदी पैठणी विणतात, गणेशमूर्ती घडवतात. असं कसब घेऊन आलेल्याला वस्तूचा नीट फोटो काढून तो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवता आला, तर पोटापाण्याला आधार होईल. संगणकाची गोडी त्यानंतर लागली तर एमएस-सीआयटीचा वर्ग आहेच.

आता गैरवापराची शंका. देशातल्या तुरुंगांत दर चार जणांमागे सुमारे तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. शिवाय तुम्ही शिकवणार ते प्रत्येक दुकानदाराला येणारं ज्ञान. मला खरी काळजी उलट बाजूची वाटते. नडलेल्या माणसाला गाठून ‘तुझं खातं वापरायला दे, कमिशन देतो’ म्हणणाऱ्या टोळ्या आहेत. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरला, की पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात, आणि आधी आत जाऊन आलेल्याचं तेव्हा कोण ऐकणार? त्यामुळे खातं, सिम, पिन कुणालाही द्यायचं नाही, पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि फसलो तर लगेच 1930वर फोन करायचा, हे पुन्हा पुन्हा सांगा. त्याचा पिन तुम्हीही विचारू नका. तसाच त्याचा गुन्हाही.

सुरुवात कुठून करायची? कारागृहात जाऊन शिकवायचं तर अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा लागेल. सुटलेल्यांना बाहेर शिकवायला अशी परवानगी लागत नाही, पण ते भेटायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. महिला व बाल विकास विभागाचे जिल्हा परिविक्षा अधिकारी त्यांच्या पुनर्वसनाचं काम पाहतात. आधी त्यांना जाऊन भेटा, आणि पहिल्या वर्गाला दोन-तीनच विद्यार्थी घ्या.