बीट लाल, म्हणून रक्त वाढतं?

प्रश्न : माझ्या मुलीचं (वय १९) हिमोग्लोबिन ९ आलंय. लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळतं. रोज बीटाचा रस देते. तेवढ्यावर भागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही भागणार, ताई. बीटाचा लाल रंग रक्ताचा नव्हे. शंभर ग्रॅम बीटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास. त्यापेक्षा अळीव कितीतरी सरस. बाळंतिणीला अळिवाचे लाडू उगाच देत नाहीत! मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, पालेभाजी लोखंडी कढईत करा. ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. चहा नेमकं उलट करतो. जेवणावर लगेच कपभर चहा घ्यायची सवय असेल तर तो तास-दीड तास पुढे ढकला. मांसाहार चालत असेल तर फारच उत्तम. त्यातलं लोह सहज शोषलं जातं.

पण तरुण मुलींत १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ९ नुसत्या आहाराने लवकर भरून निघत नाही. गोळी जेवणानंतर किंवा एक दिवसाआड चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा. गोळ्या परस्पर बंद मात्र करू नका.