चेन कसलेली नको, बेताची हवी
(मोटारसायकलवर माल नेणाऱ्यांसाठी)

आम्हा कापडवाल्यांच्या धंद्यात मोटारसायकल ही शौकाची वस्तू नाही. थानांची गठडी मागे बांधून आठवडी बाजार गाठणारे फेरीवाले असोत की तयार माल पोचविणारे कारागीर, त्यांच्यासाठी ती चालते-फिरते दुकान आहे. बाजाराच्या दिवशी गाडी वाटेत बंद पडली की त्या दिवसाची कमाई गेलीच. तरीही चेनकडे आपले लक्ष जाते ते खडखड ऐकू आल्यावर. मग मिस्त्रीला सांगितले जाते, "जरा चांगली कसून दे." नुकसान तिथूनच सुरू होते.

ढील कशासाठी?

गाडीवर वजन पडले की मागचे शॉकअप दबतात आणि चाक वर सरकते. पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा एक्सल एका रेषेत येऊ लागतात, तसे दोन्ही स्प्रॉकेटमधले अंतर वाढते व चेन ताणली जाते. म्हणजे रिकाम्या गाडीवर जी चेन नेमकी वाटते, ती गठडी बांधल्यावर जास्त ताठ होते. त्यात खड्डा आला की सारा ताण चेनवर, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. उलट, फार ढिली चेन दात सोडून उतरते. ती चाकात अडकली तर चालत्या गाडीचे मागचे चाक जाम होऊन जिवावर बेतू शकते.

चेन कशी तपासावी?

1. इंजिन बंद, चावी काढलेली, गाडी मधल्या स्टँडवर व न्यूट्रलमध्ये असावी. इंजिन चालू ठेवून चेनला हात लावू नये, बोटे तुटतात.

2. खालच्या चेनच्या मध्यभागी बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजावे. नेहमीच्या 100 सीसीच्या गाड्यांत ही हालचाल साधारण 20 ते 30 मिलिमीटर असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा.

3. चाक हाताने फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे. जिथे चेन सर्वांत ताठ असेल, तिथलेच माप धरावे.

4. एक्सलचा नट ढिला करावा. चेनच्या बाजूला दुसरा मोठा नट असल्यास तोही. मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवावेत. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरके बसते व दात एका बाजूने झिजतात.

5. नट पक्के कसून पुन्हा मोजावे, कारण कसताना माप बदलते.

6. ड्रम ब्रेकची गाडी असेल तर चाक मागे सरकल्याने ब्रेक आवळला जातो. पेडलची ढील व मागचा लाल दिवा तपासावा.

शेवटी नेहमीची गठडी बांधून, आपण बसून, दुसऱ्याला चेन पाहायला सांगावे. वजनासकट थोडी ढील उरलीच पाहिजे. ती उरत नसेल तर पुस्तिकेतील मर्यादेत राहून ढील वरच्या आकड्याजवळ ठेवावी. तरीही ताठ राहिली तर माल जास्त आहे असे समजावे, दोन खेपा कराव्यात.

चेन कधी बदलावी?

मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने ओढली असता दातांपासून सुटत असेल, दात आकड्यासारखे वाकले असतील, किंवा एका ठिकाणी ताठ व दुसरीकडे फार ढिली असेल, तर कसून उपयोग नाही. चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. जोडकडीच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला असावे.

दर 500 ते 1000 किलोमीटरला ढील पाहावी. पावसाळ्यात त्याहून लवकर. चेन पुसून 90 नंबरचे गिअर ऑइल द्यावे व जादा तेल टिपून घ्यावे, नाहीतर तेच शिंतोडे मालावर उडतात.

काही गाड्यांना चेनऐवजी दातेरी पट्टा असतो. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्या व काही विजेच्या स्कूटर त्यातल्या. पट्ट्याला तेल मुळीच देऊ नये. त्याचा ताण ठरावीक जोर लावून मापकानेच मोजतात. बोटाचा अंदाज तिथे चालत नाही.

या कामाला एक पट्टी, दोन पाने आणि पंधरा-वीस मिनिटे लागतात. आपण दुकानातला गज रोज तपासून वापरतो. ज्या गाडीवर तो माल बाजारात जातो, तिचे मापही तितक्याच काळजीने घ्यावे.